प्रचंड पूर्णांकांचे अचूक वर्गमूळ: नेहमीचे फंक्शन नेमके कोठे दगा देते?

शून्यलब्धी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात क्रिप्टोग्राफी शिकताना आम्हाला फर्माच्या पद्धतीने मोठ्या संख्येचे अवयव पाडणारा प्रोग्राम लिहायला सांगितला आहे. पद्धत समजायला सोपी आहे. दिलेल्या विषम संख्येच्या वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा, त्याच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करायची आणि जे उरेल ते पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. नसेल तर तो पूर्णांक एकाने वाढवून पुन्हा तेच करायचे. वर्गात ८०५१ हे उदाहरण दिले होते. ८९ चा वर्ग ७९२१ आणि ९० चा ८१००, म्हणून ९० घ्यायचे; ८१०० वजा ८०५१ म्हणजे ४९, तो ७ चा वर्ग; म्हणून ८०५१ = (९० − ७) × (९० + ७), अर्थात ८३ × ९७. आरएसए या सांकेतिक लेखनाच्या पद्धतीची किल्ली तयार करताना दोन अविभाज्य संख्या एकमेकींच्या फार जवळच्या निवडल्या गेल्या, तर ती किल्ली या पद्धतीने चटकन फुटते, हे दाखवणे हा स्वाध्यायाचा हेतू आहे. (मराठीत वर्गमूळही 'मूळ' आणि २, ३, ५, ७ याही 'मूळ संख्या'. गोंधळ नको म्हणून मी येथे दुसऱ्यांना अविभाज्य म्हणत आहे.)

८०५१ वर माझा प्रोग्राम बिनचूक चालतो. पायथनमध्ये मॅथ मॉड्यूलमधले एसक्यूआरटी फंक्शन वापरून वर्गमूळ काढते आणि त्यावर इंट लावून अपूर्णांकाचा भाग टाकून देते. मात्र खरी संख्या २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी आहे आणि तिच्यावर प्रोग्राम पहिल्याच ओळीला ओव्हरफ्लोची एरर देऊन थांबतो. एरर येते ते एक वेळ चालेल. त्याहून मोठी अडचण अशी की मधल्या आकाराच्या संख्यांवर एरर न येता चुकीचे उत्तर येते. १० च्या ५० व्या घाताचे वर्गमूळ १० चा २५ वा घात यायला हवे, म्हणजे १ वर २५ शून्ये. माझ्या प्रोग्रामने १००००००००००००००००९०५९६९६६४ असे उत्तर दिले.

माझी समजूत अशी आहे की साधारण १६ अंकांपर्यंत हे फंक्शन विश्वासार्ह असते आणि त्यापुढे नसते. ती बरोबर आहे का, आणि ६१७ अंकी संख्येसाठी योग्य मार्ग कोणता? स्वाध्यायाच्या दुसऱ्या भागात २ चे वर्गमूळ ५००० दशांश स्थळांपर्यंत काढायचे आहे. तेही याच वाटेने होईल का, हेही कृपया सांगावे.


बाकीशून्य

आपल्या शेवटच्या परिच्छेदातली समजूत जवळजवळ सगळ्यांचीच असते, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

पायथनमधला पूर्णांक कितीही लांब असू शकतो, परंतु मॅथमधले एसक्यूआरटी फंक्शन हातात पडलेल्या पूर्णांकाचे प्रथम फ्लोटमध्ये रूपांतर करते आणि मगच वर्गमूळ काढते. हा फ्लोट म्हणजे अपूर्णांकांसाठी वापरला जाणारा, मर्यादित जागेचा संख्याप्रकार; येथे ६४ बिटांचा, ज्याला डबल म्हणतात. त्यात संख्येचे सार्थ अंक ठेवायला ५३ बिटांइतकीच जागा आहे आणि त्याची कमाल मर्यादा १० च्या ३०८ व्या घाताच्या थोडी पुढे संपते. ६१७ अंकी संख्या त्या मर्यादेत मावतच नाही, म्हणून ओव्हरफ्लो. १० चा ५० वा घात मावतो, पण त्याचे उत्तर ५३ बिटांत कोंबावे लागते. १० च्या २५ व्या घाताच्या परिसरात दोन लागोपाठच्या डबल संख्यांमध्ये २ च्या ३१ व्या घाताइतके, म्हणजे २१४ कोटींहून अधिक अंतर आहे आणि १० चा २५ वा घात स्वतः त्या यादीत नाही. त्यातल्या त्यात जवळची संख्या निवडली गेली आणि उत्तर नव्वद कोटी एकोणसाठ लाखांहून अधिकने चुकले. वर इंट लावल्याने काहीच दुरुस्त होत नाही, कारण माहिती त्याआधीच हरवलेली असते.

आता १६ अंकांविषयी. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, आणि तेथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक डबलमध्ये तंतोतंत बसतो, हे खरे. त्यावरून लोक असा निष्कर्ष काढतात की तेथपर्यंत वर्गमुळाचा पूर्णांकी भागही बरोबर येईल. तसे होत नाही. ४५०३५९९७६१५८८२२४ ही संख्या पाहावी. ती या मर्यादेच्या निम्म्यावरच आहे आणि डबलमध्ये अचूक बसते. ही संख्या म्हणजे ६७१०८८६५ च्या वर्गापेक्षा नेमकी एकाने कमी. म्हणजे पूर्णांकी वर्गमूळ ६७१०८८६४ हवे. प्रोग्राम ६७१०८८६५ देतो. कारण अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. खरे वर्गमूळ ६७१०८८६५ पेक्षा सुमारे १ भागिले १३,४२,१७,७३० इतके कमी आहे. या परिसरात डबल संख्यांमधले अंतर १ भागिले ६,७१,०८,८६४ आहे, म्हणून त्याचे निम्मे १ भागिले १३,४२,१७,७२८. खरे उत्तर वरच्या पूर्णांकापासून निम्म्या अंतरापेक्षा केसभर जवळ आहे, छेदांमध्ये अवघा दोनाचा फरक, म्हणून नियमानुसार ते वर ढकलले जाते आणि पूर्ण ६७१०८८६५ होऊन बसते. फंक्शनने आपले काम चोख केले आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला हवे होते तो प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता. ही चूक घडणारी सर्वांत लहान संख्या हीच आहे, आणि या टप्प्यात 'पूर्ण वर्गाहून एकाने कमी' अशा जागीच ती घडत असल्यामुळे यादृच्छिक संख्यांवर चाचणी घेऊन ती सहसा सापडत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. पायथनच्या ३.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, मॅथ मॉड्यूलमध्येच आयएसक्यूआरटी हे वेगळे फंक्शन आहे. ते फ्लोटच्या वाटेला जातच नाही आणि ज्याचा वर्ग दिलेल्या संख्येहून मोठा नाही असा सर्वांत मोठा पूर्णांक देते. ६१७ अंक त्याला किरकोळ आहेत. फर्माच्या पद्धतीत वरचा पूर्णांक लागतो. त्यासाठी दिलेल्या संख्येतून १ वजा करून आयएसक्यूआरटी काढावे आणि उत्तरात १ मिळवावा, म्हणजे संख्या स्वतःच पूर्ण वर्ग असली तरी उत्तर बिघडत नाही. पूर्ण वर्गाची परीक्षाही पूर्णांकांतच घ्यावी: मूळ काढा, त्याचा वर्ग करा, तुलना करा. 'वर्गमुळाचा अपूर्णांक शून्य आहे का' असे फ्लोटला विचारणारा कोड आंतरजालावर पुष्कळ दिसतो. तो उचलू नये.

जावामध्ये नवव्या आवृत्तीपासून बिगइंटिजर या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकाराला वर्गमूळ काढण्याची सोय आहे. जावास्क्रिप्टमध्ये तसाच बिगइंट आहे, पण मॅथमधले वर्गमूळ त्याला स्वीकारत नाही. तेथे स्वतः लिहावे लागते.

२ च्या वर्गमुळासाठीही हाच मार्ग: २ ला १० च्या १०,००० व्या घाताने गुणा आणि पूर्णांकी वर्गमूळ काढा. पहिल्या अंकानंतर दशांशचिन्ह आहे असे समजायचे, बस.


रात्रपाळी

पायथनमध्ये दशमान आकडेमोड करणाऱ्या डेसिमल मॉड्यूलचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. त्यात अंकांची अचूकता आपण ठरवू शकतो. ६१७ अंकी संख्येचे मूळ ३०९ अंकी असणार, तेव्हा अचूकता ३१५ अंकांवर ठेवली आणि वर्गमूळ काढून इंट लावले की काम झाले. आयएसक्यूआरटी नसलेल्या जुन्या आवृत्तीवरही हे चालते.


बाकीशून्य

रात्रपाळी, येथे थोडे थांबायला हवे. १० चा ४० वा घात घेऊन त्यातून १ वजा करा. ४० वेळा ९ अशी संख्या मिळेल. तिचे वर्गमूळ २० नऊ, दशांशचिन्ह, पुन्हा २० नऊ आणि त्यापुढे ४९९९ असे सुरू होते. मूळ २० अंकी आहे म्हणून अचूकता २५ अंकांवर ठेवली, तर गोलाकार करताना सगळे नऊ एकापाठोपाठ उलटतात आणि उत्तर १० चा २० वा घात येते, म्हणजे पुन्हा एकाने जास्त. डेसिमलची अचूकता न बदलता जे २८ अंक मिळतात त्यांवरही हेच होते. अचूकता मुळाच्या अंकांइतकी ठेवून भागत नाही. ती दिलेल्या संख्येच्या अंकांइतकी आणि वर दोन-चार अशी ठेवावी लागते. ६१७ अंकांसाठी ३१५ नव्हे, ६२०.

तसे केले तर तुमचा मार्ग बरोबर आहे. फक्त मला तो द्राविडी प्राणायाम वाटतो.


शून्यलब्धी

बाकीशून्य, मनापासून आभार. घरच्या लॅपटॉपवर आयएसक्यूआरटी वापरले आणि ६१७ अंकी संख्येचे अवयव पहिल्याच फेरीत मिळाले. मला वाटले होते की निदान रात्रभर तरी प्रोग्राम चालेल.

अडचण अशी की परीक्षा प्रयोगशाळेतील संगणकांवर होणार आहे आणि तेथे पायथनची ३.६ ही आवृत्ती आहे. बाहेरची लायब्ररी टाकण्याची परवानगी नाही. म्हणून न्यूटनची पद्धत स्वतः लिहिली: अंदाज क्ष घ्यायचा, दिलेल्या संख्येला क्ष ने भागून बाकी सोडून द्यायची, भागाकारात क्ष मिळवून निम्मे करायचे आणि तो नवा अंदाज, नवा आणि जुना अंदाज सारखे झाले की थांबायचे. बहुतेक संख्यांवर ठीक चालते, पण काही संख्यांवर लूप कधी संपतच नाही. ८०५१ वर थांबते, ८०९९ वर नाही. अंदाज म्हणून सुरुवातीला दिलेली संख्याच घेते आहे.


जुनाजाणता

८०९९ हे उदाहरण तुम्ही मुद्दाम निवडले की योगायोगाने सापडले, ठाऊक नाही. रोग दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

हाताने करून पाहू. क्ष = ८९ असताना ८०९९ भागिले ८९ बरोबर ९१, बेरीज १८०, निम्मे ९०. आता क्ष = ९० असताना ८०९९ भागिले ९०, बाकी सोडून ८९, बेरीज १७९, निम्मे बाकी सोडून ८९. पुन्हा ८९ वरून ९०, ९० वरून ८९. नवा आणि जुना अंदाज कधीच सारखे होणार नाहीत. ज्या संख्येत १ मिळवल्यावर पूर्ण वर्ग होतो, अशा प्रत्येक संख्येवर हा झोका सुरू होतो: ३, ८, १५, २४, आणि ८०९९ सुद्धा, कारण ८१०० हा ९० चा वर्ग आहे. वर बाकीशून्य यांनी दिलेली ४५०३५९९७६१५८८२२४ ही संख्याही याच जातीची आहे, हे लक्षात आले असेलच. फ्लोट आणि न्यूटन दोघेही एकाच उंबरठ्यावर अडखळतात.

थांबण्याची अट 'सारखे झाले' अशी नको; 'नवा अंदाज जुन्यापेक्षा लहान उरला नाही' अशी हवी, आणि तसे झाले की जुना अंदाज हेच उत्तर. मात्र या अटीला एक पूर्वअट आहे: पहिला अंदाज खऱ्या मुळापेक्षा लहान असता कामा नये. त्यामागचे कारण दोन वाक्यांत सांगता येते. कोणत्याही क्ष साठी क्ष आणि सं (म्हणजे दिलेली संख्या) भागिले क्ष यांची सरासरी सं च्या वर्गमुळापेक्षा कमी असूच शकत नाही, त्यामुळे बाकी सोडत गेलो तरी नवा अंदाज पूर्णांकी मुळाच्या खाली कधीही उतरत नाही. आणि क्ष जोवर पूर्णांकी मुळाहून मोठा आहे तोवर त्याचा वर्ग सं हून मोठा असतो, म्हणून सं भागिले क्ष हे क्ष पेक्षा लहान येते आणि सरासरी क्ष च्या खाली जाते. वरून खाली येणारी, पण एका पायरीखाली कधीही न जाणारी पूर्णांकांची ओळ त्या पायरीवरच थांबणार. अट बदलली की झोका बंद होतो, आणि उत्तर एकाने चुकण्याची शक्यताही उरत नाही.

आता सुरुवातीच्या अंदाजाविषयी. सं पासूनच सुरुवात केली तर पहिल्या सगळ्या फेऱ्यांत अंदाज जेमतेम निम्मा होत जातो, कारण सं भागिले क्ष ही संख्या क्ष च्या मानाने नगण्य असते. २०४८ बिटांच्या संख्येला अशा सुमारे १०२४ फेऱ्या नुसत्या खाली उतरण्यात जातात. त्याऐवजी सं किती बिटांची आहे ते पाहा (पायथनमध्ये पूर्णांकाला बिटांची लांबी विचारता येते, ३.६ मध्येही), तिचे निम्मे वरच्या पूर्णांकापर्यंत न्या आणि २ चा तितकावा घात हा पहिला अंदाज घ्या. तो खऱ्या मुळापेक्षा नक्की मोठा असतो, पण दुपटीहून मोठा नसतो. तेथून प्रत्येक फेरीत बरोबर अंकांची संख्या साधारण दुप्पट होते, म्हणून २०४८ बिटांना दहा-बारा फेऱ्या पुरतात.

८०५१ वर पाहा. ती १३ बिटांची, निम्मे करून वर नेले की ७, म्हणून पहिला अंदाज १२८. ८०५१ भागिले १२८ म्हणजे ६२. १२८ आणि ६२ यांची बेरीज १९०, निम्मे ९५. ८०५१ भागिले ९५ म्हणजे ८४. बेरीज १७९, निम्मे ८९. ८०५१ भागिले ८९ म्हणजे ९०. बेरीज १७९, निम्मे पुन्हा ८९. नवा अंदाज लहान झाला नाही, थांबा. उत्तर ८९. शून्यासाठी मात्र आधीच वेगळी ओळ लिहून ठेवा, आणि निम्मे करताना पूर्णांकी भागाकाराचे दोन तिरक्या रेघांचे चिन्ह वापरा. एक रेघ विसरलात तर फ्लोट मागच्या दाराने पुन्हा आत येतो. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याअधिक चुका येथेच झालेल्या आहेत.

तुमच्या घरच्या आयएसक्यूआरटीत मूळ कल्पना न्यूटनचीच आहे, पण ती आणखी पुढे नेलेली आहे: सुरुवातीच्या फेऱ्या संख्येच्या वरच्या थोड्याच बिटांवर चालतात आणि दर फेरीला लांबी दुप्पट होत जाते, त्यामुळे बहुतेक खर्च शेवटच्या एका मोठ्या भागाकाराचा असतो. शेवटी वर्ग करून पाहिले जाते आणि गरज पडली तर १ वजा होतो. तुमच्या परीक्षेला त्याची गरज नाही.

आणखी एक, फर्माच्या लूपविषयी. अविभाज्य संख्यांमधला फरक फार लहान असला, म्हणजे दिलेल्या संख्येच्या चौथ्या मुळाच्या आसपास किंवा त्याखाली, तर पहिल्याच फेरीत अवयव मिळतात. तुमचे तसेच झाले. फरक मोठा असेल आणि अनेक फेऱ्या होणार असतील तर प्रत्येक वेळी नव्याने वर्ग करू नका. एकाने वाढत जाणाऱ्या त्या पूर्णांकाला अ म्हटले, तर अ चा वर्ग वजा सं ही किंमत हाताशी ठेवा, पुढच्या फेरीला तीत २अ + १ मिळवा. आणि वर्गमूळ काढण्याआधी शेवटचे आठ बिट पाहा: २५६ ने भागल्यावर पूर्ण वर्गाला संभाव्य २५६ बाक्यांपैकी ४४ च बाक्या येऊ शकतात. जीएमपी ही मोठ्या संख्यांच्या आकडेमोडीची प्रसिद्ध लायब्ररी पूर्ण वर्गाची परीक्षा याच चाळणीने सुरू करते. मोठे वर्गमूळ काढण्याची वेळ मग क्वचितच येते.


गणूमास्तर

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. प्रोग्रामिंग निवृत्तीनंतर नातवाबरोबर शिकलो. त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा जुन्या वळणाचा वाटेल, परंतु विषय सोडून नाही.

भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढायला आपण सगळेच शिकलो आहोत. ८०५१ च्या उजवीकडून जोड्या करा: ८० आणि ५१. ८० मध्ये ८ चा वर्ग जातो, बाकी १६. आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या सुमारास हीच रीत वर्गस्थान (उजवीकडून विषम क्रमांकाचे स्थान) आणि अवर्गस्थान (सम क्रमांकाचे) अशा शब्दांत एका श्लोकात बांधली आहे: अवर्गस्थानाला मिळालेल्या मुळाच्या दुपटीने भागायचे आणि भागाकाराचा वर्ग पुढच्या वर्गस्थानातून वजा करायचा. म्हणजे बाकी १६ शेजारी ५ उतरवला, १६५. त्याला ८ च्या दुपटीने, १६ ने भागायचे. भाग १० वेळा जातो, पण एका स्थानी १० बसत नाही म्हणून ९ घेतो: १६५ − १४४ = २१; १ उतरवला, २११; ९ चा वर्ग ८१ वजा केला, बाकी १३०. मूळ ८९, बाकी १३०.

नातवाने मला जीएमपीमध्ये वापरलेली रीत दाखवली, जी फ्रान्समधील पॉल झिमरमन यांनी १९९९ मध्ये मांडली आहे, तेव्हा मी चकित झालो. संख्येचे चार तुकडे करायचे. वरच्या दोन तुकड्यांचे मूळ आणि बाकी काढायची. बाकीशेजारी तिसरा तुकडा उतरवून मुळाच्या दुपटीने भागायचे. भागाकाराचा वर्ग चौथ्या तुकड्यासह उरलेल्या संख्येतून वजा करायचा. आमचा तुकडा एक अंकी असतो, त्यांचा शेकडो अंकी. वरच्या दोन तुकड्यांचे मूळ पुन्हा याच रीतीने काढले जाते.

एकच फरक आहे आणि तो मला फार आवडला. आपण भाग १० वेळा जातो हे दिसताच ९ वर उतरतो. ते १० तसेच घेऊन पुढे जातात. मूळ ८० + १० = ९०; १६५ − १६० = ५; १ उतरवून ५१; १० चा वर्ग १०० वजा केला, बाकी −४९. बाकी ऋण आली म्हणजे मूळ एकाने मोठे झाले; मग बाकीत मुळाची दुप्पट वजा १, म्हणजे १७९ मिळवायचे आणि मुळातून १ काढायचा: बाकी १३०, मूळ ८९. आता त्या −४९ कडे नीट पाहा. प्रश्नकर्तीच्या फर्माच्या पद्धतीतले ४९ तेच आहेत.


रात्रपाळी

मास्तर, नमस्कार. मी येथे मघाशी एकदा चुकलोच आहे, तर आणखी एक फसगत सांगून टाकतो. ती सी प्लस प्लसमधली आहे आणि ६४ बिटांच्या पूर्णांकांपुरतीच आहे.

स्पर्धात्मक प्रोग्रामिंग करणारे सगळे एक युक्ती वापरतात: डबलमध्ये वर्गमूळ काढायचे, पूर्णांकात घ्यायचे आणि मग दोन छोट्या लूपनी नीट करायचे, म्हणजे वर्ग मोठा असेल तोवर मूळ एकाने कमी करायचे आणि पुढच्या पूर्णांकाचा वर्ग बसत असेल तोवर एकाने वाढवायचे. युक्ती योग्य आहे. मी ती चिन्हरहित ६४ बिटांच्या पूर्णांकांवर वापरली आणि चाचणीत कमाल संख्या दिली, २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. प्रोग्राम अडकला. डबलमध्ये ही संख्या २ चा ६४ वा घात होऊन बसते, म्हणून मूळ येते ४२९४९६७२९६, जे एकाने जास्त आहे. त्याचा वर्ग ६४ बिटांत मावत नाही आणि गुंडाळला जाऊन शून्य होतो. शून्य काही मोठे नाही, म्हणून कमी करणारी लूप हललीच नाही. वाढवणाऱ्या लूपला मात्र प्रत्येक वर्ग बसतो असेच दिसते, कारण ६४ बिटांतली कोणतीही संख्या कमाल संख्येहून मोठी असूच शकत नाही. ती लूप अजूनही चालू असती.

दुरुस्ती अशी की गुणाकार करूच नये, भागाकार करावा: मूळ हे सं भागिले मूळ याहून मोठे आहे का, असे विचारावे. बाकी सोडली तरी या तुलनेचा निकाल वर्गाच्या तुलनेइतकाच खरा असतो, आणि काहीही गुंडाळले जात नाही.


शून्यलब्धी

जुनाजाणता, आपण सांगितलेली अट आणि पहिला अंदाज घालून प्रयोगशाळेतल्या ३.६ वर प्रोग्राम चालवला. १ ते १० लाखांपर्यंतच्या प्रत्येक संख्येसाठी मुळाचा वर्ग संख्येहून मोठा नाही आणि पुढच्या पूर्णांकाचा वर्ग मोठा आहे, या दोन्ही गोष्टी तपासल्या. शिवाय पूर्ण वर्ग, त्याहून एकाने कमी आणि एकाने जास्त अशा ६०० अंकी संख्याही दिल्या. एकही चूक नाही. मास्तरांचे −४९ वहीत चौकट करून लिहिले आहे.

दुसऱ्या भागात मात्र नवेच संकट आहे. घरच्या लॅपटॉपवर, जेथे पायथनची नवी आवृत्ती आहे, २ गुणिले १० चा १०,००० वा घात याचे आयएसक्यूआरटी काढले आणि छापायला गेले, तर पूर्णांकाचे मजकुरात रूपांतर करण्याची ४३०० अंकांची मर्यादा ओलांडल्याची एरर आली. ३.६ वर हेच निमूटपणे छापले जाते. म्हणजे नव्या आवृत्तीत आयएसक्यूआरटीलाही मर्यादा आहे का?


बाकीशून्य

नाही, आयएसक्यूआरटीने ५००१ अंकी उत्तर केव्हाच काढून ठेवले आहे; अडले आहे ते छापताना. संगणकातली संख्या द्विमान पद्धतीत असते आणि तिचे दशमान अंक करण्याचा खर्च अंकांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोणी सर्व्हरला लाखो अंकी संख्या पाठवून त्याला अडकवून ठेवू नये, म्हणून २०२२ मध्ये, ३.११ या आवृत्तीच्या सुमारास, ही मर्यादा घातली गेली. मजकुरातून पूर्णांक वाचतानाही ती लागू होते, सोळामान पद्धतीत छापताना होत नाही. सिस मॉड्यूलमधले मर्यादा ठरवणारे फंक्शन वापरून ती ६००० करावी. ० दिले तर मर्यादाच उठते, पण स्वतःच्या स्वाध्यायापलीकडे तसे करू नये.

मर्यादेला हात लावायचा नसेल तर उत्तराला १० च्या १००० व्या घाताने भागत जा आणि मिळालेल्या बाक्या शेवटच्या बाकीपासून उलट क्रमाने छापा, कारण शेवटचे अंक आधी मिळतात. एवढे केलेत तर प्रत्येक बाकीच्या डावीकडे १००० अंक पुरे होईपर्यंत शून्ये भरायला विसरू नका. शून्याने सुरू होणारा तुकडा आला की पुढचे सगळे अंक सरकतील आणि चूक डोळ्यांना दिसणारही नाही.


शून्यलब्धी

मर्यादा ६००० करून छापले. सुरुवातीचे अंक १.४१४२१३५६२३७३०९५०४८८०१६८८७२४२०९६९८०७८५६९६७१८७५३७६९४ असे आहेत. डेसिमलने ५००१ अंकांची अचूकता ठेवून काढलेल्या उत्तराशी ताडून पाहणार आहे. आयएसक्यूआरटी पुढचे अंक छाटून टाकते आणि डेसिमल गोलाकार करते, तेव्हा अगदी शेवटच्या अंकात एकाचा फरक दिसला तर तो चूक समजणार नाही.